नववी मात्रा

स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला तेव्हा मी आधी टाळाटाळ केली. शाळेच्या कुठल्याही फलकावर माझं नाव नाही. गाण्याच्या तासाबद्दल लिहितो म्हणालो, तर आमच्या तुकडीतला मित्र फोनवरच ओरडला, "तू? गाण्याबद्दल?" त्याचं काही चुकलं नाही. अख्ख्या वर्गात माझ्याइतका बेसूर आवाज दुसऱ्या कुणाचा नव्हता, आणि हे मला सोडून सगळ्यांना आधीपासून माहीत होतं.

गाण्याच्या खोलीत पेटीच्या वर एक जुनी तसबीर होती. भारदस्त मिशा, करडी नजर. पाचवीत असताना आमची पक्की समजूत होती की ते गाण्याच्या सरांचे आजोबा. एकाने एकदा धीर करून विचारलंच. सर म्हणाले, "आजोबाच. तुझेसुद्धा." पुढे कधीतरी कळलं, ते पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर. पेटीचा भाता बिघडला किंवा सरांचा घसा बसला की त्या दिवशी गाणं नसे, पलुस्करांची गोष्ट असे. पेटी वरचेवर बिघडायची, त्यामुळे गोष्ट बरीच पुढे गेली. आज माझ्याकडे जे आहे ते त्या तुकड्यांतून जमलेलं. मधल्या गाळलेल्या जागा नंतर वाचून भरल्या.

जन्म कुरुंदवाडचा, १८ ऑगस्ट १८७२. मूळ आडनाव गाडगीळ, पलूस गावचे म्हणून पलुस्कर. वडील कीर्तनकार. लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका चेहऱ्याजवळ फुटला आणि डोळे अधू झाले. शाळेचं शिक्षण तिथेच थांबलं. मुलाचा गळा चांगला आहे, त्याला गाणं शिकवा, असं ठरलं आणि मिरजेच्या संस्थानिकांच्या आश्रयाने तो बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकायला राहिला. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात आणून रुजवणारे ते हेच बुवा. त्या काळचं शिकणं म्हणजे गुरूच्या घरी राहायचं, पडेल ते काम करायचं, आणि गुरूच्या मनात येईल तेव्हा कानावर पडेल ते उचलायचं. कधी काय शिकवतील, किती वर्षं लागतील, हे विचारायची सोय नाही. सर हे सांगताना माझ्याकडे बघायचे, कारण "सर, हे परीक्षेला आहे का?" हा प्रश्न हमखास माझा असे.

मिरज सुटण्याची गोष्ट सरांची सर्वांत आवडती. एका समारंभाला दरबारच्या मर्जीतल्या या तरुण शिष्याला आमंत्रण आलं, त्याच्या गुरूला आलं नाही. का, म्हणून विचारलं तर उत्तराचा सूर असा, की बुवा काय, गवईच. गवई म्हणजे आश्रित, त्याला पंगतीला मानाने कशाला बसवायचं! १८९६ मध्ये विष्णुबुवांनी मिरज सोडलं. संस्थानिकांनी त्यांचं वाईट काहीच केलं नव्हतं, उलट सगळं दिलं होतं. म्हणून तर मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. स्वतःचा अपमान झाला म्हणून निघून जाणारे पुष्कळ असतात. इथे दुखणं सगळ्या जमातीचं होतं.

मग भटकंती. बडोदा, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, पंजाब. एखाद्या दरबारात कायमचं टेकायचं नाही, हे ठरलेलं. तिकीट लावून जलसे करायला सुरुवात केली. पैसे मोजून कुणीही यावं, कुणाच्या मेहेरबानीवर गाणं ऐकू नये. आज यात विशेष काय, असं वाटेल. तेव्हा गाणं एकतर दरबारात होतं, नाहीतर कोठ्यावर, आणि घरंदाज माणसाने मुलाला गाणं शिकवायचं म्हणजे नाव घालवायचं.

५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. पाठीशी संस्थान नाही, लोकांच्या देणग्या आणि स्वतःच्या मैफिलींची कमाई एवढंच भांडवल. या शाळेतला पहिल्या दिवसांचा प्रसंग सरांनी एका मुसळधार पावसाच्या दिवशी सांगितला. त्या दिवशी वर्गात आम्ही चौघेच होतो आणि आता तास होणार नाही या आनंदात दप्तर आवरत होतो. सर म्हणाले, लाहोरला सुरुवातीला एकही विद्यार्थी येईना. तरीही पलुस्कर घड्याळाची वेळ गाठून वर्गात बसत, तानपुरा जुळवत आणि तास संपेपर्यंत एकटेच गात. कुणी विचारलं तर सांगत, तानपुऱ्याला शिकवतोय. गोष्ट अक्षरशः अशीच घडली असेल की शिष्यांनी पुढे थोडी रंगवली असेल, मला ठाऊक नाही. आमच्या चौघांचा तास मात्र त्या दिवशी पूर्ण झाला. भूप रागाचे पलटे, म्हणजे सरावाच्या स्वररचना. शेवटच्या घंटेपर्यंत.

नोकरीत माझा सगळा जन्म वेळापत्रक, नोंदवह्या आणि ताळेबंद यांत गेला. कदाचित त्यामुळेच या माणसाच्या गाण्याइतकंच त्याच्या व्यवस्थेचं मला अप्रूप वाटतं. ठरलेली वेळ, ठरलेला अभ्यासक्रम, परीक्षा, पदवीदान. स्वरलिपी स्वतः बसवली, पाठ्यपुस्तकं स्वतः छापली, त्यासाठी छापखाना काढला. वाद्यं दुरुस्त करायचा कारखानासुद्धा. गरीब मुलांना फुकट शिकवायचं, पण करार नऊ वर्षांचा. त्यातून जे तयार झाले ते पुढे गावोगाव शिकवायला गेले. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर हे सगळे त्याच पंगतीतले. विनायकबुवांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढलं. आपल्या शाळेच्या वेळापत्रकात आठवड्यातून एकदा 'संगीत' असं लिहिलेलं असायचं, त्या एका चौकोनाचा उगम शोधत मागे गेलं की आपण लाहोरला पोचतो.

सगळंच पटतं असं नाही. गाणं घरात यावं म्हणून त्यांनी जुन्या चिजांतले शृंगाराचे शब्द काढून तिथे भक्तीचे घातले. त्यात काही सुंदर बंदिशींचे मूळ शब्द मागे पडले, असं मला वाटतं. आणि चाळीस मुलांना एकदम पलटे म्हणायला लावून गवई घडत नाही, हा आक्षेप तर त्यांच्या हयातीतच घेतला जात होता. दहावीत असताना मी तो सरांना मोठ्या ऐटीत ऐकवला. सर शांतपणे म्हणाले, "तानसेन घडवायला कोण बसलंय? कानसेन झालात तरी पुष्कळ." हे वाक्य सरांचं नाही. पलुस्करांचं म्हणून ते पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. पण मला ते सरांच्याच आवाजात आठवतं.

त्याआधीची, आठवीतली एक गोष्ट. समूहगीत स्पर्धा होती. तालमीला आलेल्या एका मोठ्या माणसाने मला रांगेतून बाजूला घेऊन समजुतीने सांगितलं, "बाळ, तू नुसते ओठ हलव." मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखंच वाटलं. सरांना कळलं तेव्हा त्यांनी मला पेटीजवळ बोलावलं. "ओठ हलवणाऱ्याला मार्क कशाचे देऊ?" त्यांनी मला ठेका धरायला बसवलं. हातावर तीनताल. सोळा मात्रा, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर खाली. खालीला टाळी वाजवायची नसते, हात नुसता उलटा करून बाजूला न्यायचा. एवढंच. मला ते जमेना. पाच आणि नऊ हे आकडे माझ्या हाताला सारखेच वाटायचे, नवव्या मात्रेवर हमखास 'फट्' असा आवाज व्हायचा आणि वर्ग हसायचा. स्पर्धेत आपला नंबर आला नाही. मी रांगेत उभा राहून, तोंड उघडून, मोठ्याने गायलो होतो. नंबर का आला नाही याबद्दल माझं एक मत आहे, सरांनी ते कधी विचारलं नाही.

पलुस्करांचं गाणं वर्गाबाहेरही होतं. काँग्रेसच्या अधिवेशनांत ते 'वंदे मातरम्' म्हणत. १९२३ साली काकीनाडा अधिवेशनात अध्यक्षांनी व्यासपीठावर गाण्याला हरकत घेतली, तरी न थांबता त्यांनी ते पूर्ण म्हटलं. मला त्याहून नारायण मोरेश्वर खरे यांची हकीगत जवळची वाटते. गांधीजींनी साबरमतीच्या आश्रमासाठी एखादा संगीतशिक्षक मागितला, पलुस्करांनी आपल्या या शिष्याला पाठवलं. खरे आश्रमात राहिले, तिथली प्रार्थना त्यांनी बसवली, भजनावली तयार केली आणि १२ मार्च १९३० रोजी दांडीला निघालेल्या सत्याग्रहींच्या तुकडीतही ते होते. सर हे सांगत तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा. शाळा सुटल्यावर ते शाळेत न येणाऱ्या मुलांसाठी तीच पेटी सायकलला बांधून कुठे जात, याचा अर्थ मला फार उशिरा लागला. आम्हाला वाटायचं, शिकवणी असेल.

शेवट चांगला झाला नाही. १९०८ मध्ये मुंबईत शाखा निघाली, पुढे तिथे मोठी इमारत बांधली, ती कर्जाच्या डोंगराखाली सापडली आणि लिलावात गेली. ताळेबंद वाचायची सवय असलेल्या माणसाला हा भाग वाचवत नाही. जमेच्या बाजूला एका माणसाचा गळा, आणि खर्चाच्या बाजूला शेकडो मुलांचं शिक्षण. नंतर ते रामनामाकडे वळले, नाशिकला आश्रम काढला. बारा अपत्यांपैकी एकच मुलगा जगला, दत्तात्रेय. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत पलुस्कर गेले तेव्हा तो दहा वर्षांचा होता. वडिलांच्या शिष्यांनी त्याला शिकवलं. तेच बापूराव, डी. व्ही. पलुस्कर. तेही १९५५ मध्ये गेले, अवघ्या चौतिसाव्या वर्षी.

सरांना शेवटचं भेटलो तेव्हा त्यांना ऐकू येणं जवळजवळ बंद झालं होतं. श्रवणयंत्र टेबलावर पडलेलं. त्याने सगळं पत्र्यासारखं वाजतं म्हणाले. काय बोलावं सुचेना म्हणून मी मोबाईलवर बापूरावांचा श्री राग लावला आणि पडद्यावरचं नाव सरांना दाखवलं. त्यांनी मान हलवली. द्रुत, म्हणजे जलद लयीतली बंदिश सुरू झाली तसा माझा हात आपोआप मांडीवर पडायला लागला. सर डोळे बारीक करून माझ्या हाताकडे बघत होते. मला वाटलं, शिष्याचं कौतुक चाललंय.

दोन आवर्तनं झाली. सरांनी हात पुढे करून माझं मनगट धरलं.

"चारही टाळ्याच वाजवतोयस," ते म्हणाले. "खाली कुठे गेली?"