आठशे शहाण्णवचं अंतर

सोमवार, रात्री

लॅपटॉप उघडल्याला आज पाच दिवस झाले. मुलगा पुण्याला नोकरीला गेला तेव्हा हा जुना लॅपटॉप घरीच ठेवून गेला होता. गेल्या बुधवारी कपाटातून काढला, पुसला, आणि त्याला फोन लावून म्हटलं, "मला प्रोग्रॅमिंग शिकायचंय." तो हसला नाही, याचं बरं वाटलं. "पायथॉनपासून सुरू कर, आई," म्हणाला, आणि फोनवरूनच सगळं घालून दिलं. पायथॉन ही प्रोग्रॅम लिहायची एक भाषा.

मी २२ वर्षं मराठी शाळेत पहिली ते चौथीला शिकवते. रोज बेळगावहून खानापूर रस्त्यानं बसनं जाते. वाटेत मच्छ्याला विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं ज्ञानसंगम हे आवार लागतं. १९९८ साली हे विद्यापीठ झालं. पाठीवर पिशव्या घेतलेली पोरं तिथं उतरताना बघते. प्रोग्रॅमिंगशी माझी ओळख तेवढीच.

शिकायचं मनात आलं ते आईमुळे. तिच्या बचत गटाचे निरोप व्हॉट्सॲपवर कन्नडमधून येतात. आई वडगावात विणकरांच्या गल्लीत वाढली, मागांच्या खडखडाटात. कन्नड तिच्या तोंडात मराठीइतकंच आहे, खरं वाचता येत नाही. शाळा चौथीपर्यंत, ती मराठी. निरोप आला की फोन घेऊन शेजारच्या अक्कांच्या दारात जायचं. अक्का कधी नाही म्हणत नाहीत, संकोच आईलाच होतो. मागल्या महिन्यात अक्का गावाला गेल्या होत्या, मी शाळेत, आणि तिची एक बैठक चुकली. वीस रुपये दंड पडला. त्या वीस रुपयांचं तिला काही वाटलं नाही. "मला वाचायला येत नाही" हे दहा बायकांसमोर सांगावं लागलं, ते लागलं. घरी येऊन जेवली नाही त्या दिवशी.

तिला भाषांतर नको आहे, भाषा तिची आहेच. फक्त तीच अक्षरं देवनागरीत दिसायला हवीत. मुलगा म्हणाला, त्याला ॲप मिळेल की. मिळेल. खरं आईसाठी हे माझ्या हातानं व्हावं असं मला वाटलं.

मंगळवार

चार ओळी लिहिल्या आणि दोन तास गेले. तेच काम पुन्हा पुन्हा करायला सांगणाऱ्या "फॉर"च्या ओळीच्या शेवटी दोन टिंबं द्यायची राहिली होती, ती दिली. मग खालची ओळ आत सरकवली नाही म्हणून पुन्हा लाल अक्षरं. पायथॉनमध्ये समासाला अर्थ असतो. कुठली ओळ कुणाच्या पोटात आहे, हे ती डावीकडून किती आत आहे त्यावरून ठरतं. चौथीच्या पोरांना मी परिच्छेद आत सरकवून सुरू करायला सांगते, तो नीटनेटकेपणासाठी. इथं समास चुकला की काम होतच नाही.

नंतर लाईट गेली. पाऊस धो-धो.

गुरुवार

आज जे बघितलं ते सविस्तर लिहून ठेवते.

पायथॉनला एखाद्या शब्दाची लांबी विचारता येते, "लेन" म्हणून. मी "बेळगाव" दिलं. फळ्यावर मी हा शब्द चार अक्षरी सांगते: बे, ळ, गा, व. उत्तर आलं ६. टायपिंगची चूक वाटली, पुन्हा लिहिलं. ६ च.

मग एकेक तुकडा वेगळा छापायला लावला. एकाखाली एक आले: ब, मग सुटी मात्रा, ळ, ग, सुटा काना, व. मात्रा आणि काना वेगळे मोजले होते. मग "पुस्तक" दिलं. तिथंही ६, कारण उकार वेगळा आणि स्त मधला हलंतही वेगळा. बाराखडी शिकवताना आपण "क ला काना का" म्हणतो ना, अगदी तसंच. क हे एक, काना हे दुसरं, आणि डोळ्याला दिसतं ते "का". आपल्या तालात ही फोड आधीपासून होती. इतकी वर्षं पोरांकडून ती घोकून घेतली आणि ती मला आज दिसली.

प्रत्येक तुकड्याला एक क्रमांकही असतो, युनिकोडचा. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणारी यादी. "ऑर्ड" म्हणून विचारलं की सांगतो. आपला क २३२५. आईच्या गटातल्या निरोपातून कन्नड क उचलून दिला, तो ३२२१. वहीत वजाबाकी केली: ८९६. मग ग घेतला, २३२७ आणि ३२२३. ८९६. म, २३५० आणि ३२४६. ८९६. ळ सुद्धा! ळ दोन्हीकडे आहे, आणि त्याच अंतरावर.

रात्री मुलानं कारण सांगितलं. १९८८ साली आपल्याकडे भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाची एक सामायिक मांडणी झाली. क च्या जागी सगळीकडे क, काना च्या जागी काना. युनिकोडनं आपल्या लिप्यांसाठी तीच मांडणी घेतली. प्रत्येक लिपीला १२८ घरं, आणि घरांचा क्रम एकच. देवनागरी २३०४ पासून, कन्नड ३२०० पासून. ज्या गावात दुकानाच्या पाटीवर कुठली लिपी वर असावी यावरून लोक भांडलेले मी लहानपणापासून बघितलेत, त्या गावात बसून ही वजाबाकी करताना डोळ्यांत पाणी आलं. का ते सांगता येणार नाही.

शनिवार

अर्ध्या दिवसाची शाळा करून आले आणि बसले.

आधी सोपी बाजू करून बघितली, मराठीचं कन्नड. प्रत्येक तुकड्याचा क्रमांक घ्यायचा, त्यात ८९६ मिळवायचे, आणि "सीएचआर" लावून त्या क्रमांकाचं अक्षर मागायचं. पायथॉनमध्ये नावं मराठीतही ठेवता येतात, म्हणून मी "अंतर" असं नाव ठेवून त्यात ८९६ घातले. "बेळगाव" दिलं आणि पडद्यावर कन्नड अक्षरं आली. हाका मारून अक्कांना बोलावलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाल्या, "बरोबर आहे, खरं बे लांब झाला बघ. आमच्यात बे आखूड. आणि शेवटी वि पाहिजे." कन्नडला ऱ्हस्व ए आहे, त्याची मात्रा वेगळी. आपल्याकडे एकच ए. मशीननं आपल्या मात्रेसमोरची मात्रा दिली, त्याचं चुकलं नव्हतं.

मग "बेळगाव तालुका" दिलं, तर दोन शब्दांच्या मध्ये एक अनोळखी अक्षर उभं. दोन खांब आणि वर आडवी तुळई, दारासारखं. ते कन्नड नाही, असं अक्का म्हणाल्या. अर्धा तास त्याकडे बघत होते. शेवटी त्याचा क्रमांक विचारला: ९२८. त्यातून ८९६ वजा केले, राहिले ३२. बत्तीस म्हणजे दोन शब्दांमधली मोकळी जागा! मी मोकळ्या जागेतही ८९६ मिळवले होते, आणि ९२८ वर ग्रीक लिपीतलं मोठं "पाय" हे अक्षर (Π) बसलेलं आहे. चूक कुठं आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ती मी शोधली, एका वजाबाकीनं. एवढा आनंद शेवटचा कधी झाला होता आठवत नाही.

रविवार, रात्री साडेदहा

उलटी बाजू. निरोपातल्या प्रत्येक तुकड्यातून ८९६ वजा. पहिल्या मोकळ्या जागेलाच गाडी अडली, कारण ३२ मधून ८९६ गेले की उत्तर उणे, आणि उणे क्रमांकाचं अक्षर नसतं. आता मला ते समजत होतं. "इफ" घातला: क्रमांक ३२०० ते ३३२७ मध्ये असेल तरच वजा कर, नाहीतर जसं आहे तसं राहू दे. टिंबं दिली, ओळ आत घेतली.

आई देवासमोरची वात सारखी करत होती. तिला शेजारी बसवलं, तिच्या फोनमधला संध्याकाळचा निरोप लॅपटॉपवर घेतला आणि एंटर दाबलं.

"नाळॆ बॆळिग्गॆ हत्तु गंटॆगॆ सभॆ इदॆ. ऎल्लरू तप्पदॆ बन्नि."

"ही मात्रा कसली गे? अन् हा ए असा का लिवलाय?" आईनं बोट ठेवून विचारलं.

"तो आखूड ए, आई. तुझ्या कन्नडातला."

ती पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली. बोट अक्षराखाली, पहिलीतली पोरं धरतात तसं. नाळे. बेळिग्गे. हत्तु गंटेगे. दुसऱ्या शब्दालाच तिचा आवाज बदलला, कारण ती आता अक्षरं लावत नव्हती, बोलत होती.

"उद्या सकाळी दहाला बैठक हाय. सगळ्यांनी न चुकता या म्हणतात."

मग थोडा वेळ गप्प बसली. पदरानं फोनची काच पुसली आणि माझ्यापुढं धरली.

"ह्याच्या वरचं बी कर की. ते आधीचं. आणि त्याच्या आधीचं."

आत्ता सतरावा निरोप चाललाय. कुणाची तरी बारशाची जेवणावळ दोन महिन्यांपूर्वी होऊन गेली, ती आईला आज कळली. "बाळाला बघायला जायला पाहिजे," म्हणतेय.