नाशिकच्या बागेत: शेनिन, सोव्हिन्यॉन, शिराझ

फेब्रुवारीत नाशिकला जाताना सकाळसाठी स्वेटर आणि दुपारसाठी टोपी, दोन्ही बरोबर ठेवावं लागतं. वाइनच्या द्राक्षांना हेच हवामान मानवतं. दिवसाच्या उन्हात साखर भरते आणि रात्रीच्या गारव्यात आंबटपणा टिकून राहतो. गंगापूर धरणाच्या बाजूच्या एका बागेत आम्ही पोचलो तेव्हा पांढऱ्या वाणांची काढणी उरकली होती आणि शिराझ या काळ्या वाणाचे घड अजून वेलीवर होते.

थॉमसन आणि सोनाका खाऊन वाढलेल्या माणसाला हे घड वेगळेच वाटतात. मणी लहान, साल जाड आणि आत बिया. बाग दाखवणाऱ्या दादांनी एक मणी हातावर ठेवला. "ताई, लगेच गिळू नका. साल चावून बघा." गर गोड होता, पण चव खरी सालीत होती: तुरट आणि जांभळासारखी जीभ ओढून घेणारी. मग त्यांनी दुसरा मणी चिमटीत दाबला. काळ्याभोर द्राक्षातून जवळजवळ बिनरंगी रस आला. साल बोटांवर चोळली तेव्हा कुठे बोटं जांभळी झाली. लाल वाइनचा रस सालीसकट आंबवतात तो याचसाठी. रंग आणि तुरटपणा दोन्ही सालीतूनच उतरतात.

चव घ्यायला बसलो तेव्हा सुरुवात सोव्हिन्यॉन ब्लांकने झाली. पेला नाकाशी नेताच लिंबू, पेरू आणि त्यामागे हिरव्या ढोबळी मिरचीचा वास. हा भास नव्हे. ढोबळी मिरचीला ज्या पायराझिन गटातल्या द्रव्यांमुळे वास येतो, तीच या द्राक्षातही असतात. घड जितका पिकेल तितकी ती कमी होत जातात, म्हणून काढणीचा दिवस ठरवणं फार मोलाचं. शेवटी आलेल्या कॅबरने सोव्हिन्यॉनमध्येही काळ्या फळांच्या आड तीच हिरवी छटा सापडली आणि मला मनापासून आनंद झाला, कारण ही दोन्ही एकाच घरातली. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी १९९७ साली डीएनए तपासून दाखवून दिलं की कॅबरने सोव्हिन्यॉन हे कॅबरने फ्रँक आणि सोव्हिन्यॉन ब्लांक यांचं अपत्य आहे. काळ्या द्राक्षाच्या आईबापांत एक पांढरं द्राक्ष!

शेनिन ब्लांक मूळचं फ्रान्समधल्या लुआर खोऱ्यातलं. त्याचा अंगचा आंबटपणा इतका दांडगा की आपल्या उन्हातही तो पुरून उरतो. सफरचंद, पिकलं पेअर, थोडा मध. किंचित गोडी ठेवलेली शेनिन झणझणीत जेवणाबरोबर इतर कुठल्याही वाइनपेक्षा जास्त जुळते, असं माझं ठाम मत आहे. तिखटाबरोबर कॅबरनेचा तुरटपणा आणखी बोचतो, शेनिन मात्र तोंड शांत करते. नाशिकच्या सुला या वाइन कंपनीच्या पहिल्या वाइन २००० साली बाजारात आल्या, त्यांतही शेनिन आणि सोव्हिन्यॉनच होत्या.

झिनफँडेलची गुलाबी वाइन स्ट्रॉबेरीच्या वासाची, हलकी. तिच्यात मी फार रमले नाही.

शिराझपाशी मात्र बराच वेळ थांबले. जांभूळ, आलुबुखार आणि घोट उतरल्यावर मागून येणारी काळी मिरी. ही मिरी रोटुंडोन नावाच्या द्रव्याची. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली ते शिराझमध्ये ओळखलं आणि मिरीच्या दाण्यातही तेच निघालं. ते साठतं सालीतच. दादा साल चावायला का सांगत होते, ते पेला हातात असताना नीट उमगलं.

तुम्हाला जायचं असेल तर जानेवारी ते मार्च हाच काळ धरा आणि चव घेण्याआधी बागेत फिरवायला सांगा. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की वेलीवर नुसते ओलांडे, म्हणजे जाड आडव्या फांद्या, उरतात. मग घड येतात ते सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतरच, म्हणजे फळासाठी केलेल्या दुसऱ्या छाटणीनंतर.