३२ मीटरवरची पाटी

खोल पाण्यातील डायव्हिंगचे प्रमाणपत्र मला दुसऱ्या प्रयत्नात मिळाले आणि पहिल्या प्रयत्नाचा राग अजून पुरता गेलेला नाही. अर्ज, वैद्यकीय तपासणी आणि लेखी परीक्षा विनासायास पार पडली. घोडे अडले ते ३२ मीटर खोलीवर, प्लास्टिकच्या एका पाटीपाशी.

पाटीवर १ ते २५ आकडे विखरून छापलेले होते. ते क्रमाने खोडायचे आणि शेवटी टाकीतील हवेचा दाब लिहायचा, एवढीच परीक्षा. बोटीवर मला ३८ सेकंद लागले होते. खाली मी तेच काम, माझ्या समजुतीप्रमाणे, तितक्याच चपळाईने उरकले. प्रशिक्षकांनी अंगठा वर केला. डायव्हिंगमध्ये ती शाबासकी नसते, वर निघण्याची सूचना असते, हे मला पक्के ठाऊक होते. तरीही मी खूश होऊन त्यांना उलट अंगठा दाखवला आणि तिथेच थांबलो, कारण माझ्या पट्ट्याचे बक्कल त्या क्षणी मला विलक्षण सुंदर वाटत होते. अखेर त्यांनी दंडाला धरून मला वर आणायला सुरुवात केली. २२ मीटरच्या आसपास डोके स्वच्छ झाले, आणि ते आतापर्यंत स्वच्छ नव्हते हे मला तेव्हा प्रथमच कळले. बोटीवर पाटी पाहिली, तर वेळ ८१ सेकंद, १८ हा आकडा तसाच राहिलेला, आणि दाबाच्या जागी ३२, म्हणजे खोली, तीही दोनदा. अक्षर माझेच होते, त्यामुळे वादाला जागा नव्हती. तरी मी घातला. पुढची तारीख सात आठवड्यांनी मिळाली.

३० मीटरवर एकूण दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो, म्हणून श्वासातील नायट्रोजनचा दाबही चौपट होतो आणि एरवी निरुपद्रवी असलेला हा वायू सौम्य भुलीसारखा मेंदूवर चढतो. हवेच्या या गुंगीचे खापर १९३५ मध्ये अल्बर्ट बेन्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नायट्रोजनवर फोडले. कुणाला हर्ष होतो, कुणाला अकारण भीती वाटते. लक्ष एकाच वस्तूला चिकटते आणि नुकतेच वाचलेले निसटते. सरावाने आपण सरावलो असे वाटू लागते, पण चाचणीतील कामगिरी त्या मानाने सुधारत नाही. म्हणून ‘मला काही होत नाही’ म्हणणाऱ्या जोडीदाराबरोबर मी आता खोल जात नाही.

दुसऱ्या खेपेस मी सावकाश उतरलो आणि जोरात पाय मारणे टाळले, कारण श्रमाने साचणारा कार्बन डायऑक्साइड गुंगी वाढवतो. थंडी, अपुरी झोप आणि आदल्या रात्रीचे मद्यही तेच करतात, हे आधी सांगायला हवे होते. गेजवरचा आकडा लिहिण्यापूर्वी तो जोडीदाराला बोटांनी दाखवायचा, असेही आम्ही ठरवले होते. या वेळी ५२ सेकंद लागले, सगळे आकडे बरोबर आले आणि अंगठा दिसताच मी वर निघालो.

बोटीवर प्रशिक्षकांनी हसत पुन्हा अंगठा वर केला, ते मात्र मला मुळीच आवडले नाही.