तिरुपूरचे टी-शर्ट, लेस्टरचं गोदाम

फेब्रुवारी २०२१. ब्रिटन युरोपीय महासंघाच्या सीमाशुल्क संघातून बाहेर पडून सहा आठवडे झाले होते. आमच्या कस्टम्स क्लिअरन्सच्या ऑफिसात फोन खाली ठेवला की लगेच वाजायचा. त्या सकाळी लेस्टरच्या एका गुजराती शेठचा आला. जर्मनीत माल अडकला होता, १२ टक्के ड्युटी मागत होते.

"भाई, ब्रिटन आणि महासंघाच्या नव्या व्यापार करारात तर शून्य टॅरिफ आहे ना?"

आहे, पण ब्रिटनमध्ये बनलेल्या मालाला. शेठचे टी-शर्ट तिरुपूरचे. फेलिक्स्टो बंदरात उतरायचे, ड्युटी भरून लेस्टरला यायचे, तिथून जर्मनीतल्या दुकानांना जायचे. ३१ डिसेंबरपर्यंत एकदा भरलेली ड्युटी सगळ्या महासंघात चालायची. आता त्याच टी-शर्टवर दुसऱ्यांदा.

"पण इस्त्री, लेबलं, पॅकिंग इथंच होतं की!"

मी करारातलं उगमाच्या नियमांचं, म्हणजे माल कुठल्या देशाचा मानायचा याचं, प्रकरण उघडून वाचून दाखवलं. इस्त्री, लेबल, पॅकिंग, तिन्ही नावानिशी वगळलेली. एवढ्याने माल ब्रिटिश होत नाही. करारावर सही ३० डिसेंबरला, अंमल १ जानेवारीला, पानं बाराशेहून जास्त. छोट्या व्यापाऱ्याने ती वाचायची कधी? याचा मला आजही राग येतो.

बाँडेड गोदामात, म्हणजे कस्टम्सच्या देखरेखीखाली ड्युटी न भरता, माल ठेवला तर इथली ड्युटी वाचते. पण परवाना, हमी, नगानगाची नोंद, हे शेठला झेपणारं नव्हतं. शेवटी मीच सुचवलं: जर्मनीचा माल थेट महासंघातल्या रॉटरडॅम बंदरात उतरवा, पॅकिंगही तिकडेच करून घ्या. हिशेब चोख बसला. उन्हाळ्यापर्यंत लेस्टरच्या पॅकिंग टेबलावरच्या सहा बायकांचं काम गेलं.

महासंघात राहिलो असतो त्यापेक्षा उत्पादकता दीर्घकाळात ४ टक्क्यांनी कमी राहील, असा ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटीचा, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी अर्थअंदाज संस्थेचा, अंदाज आहे. लोक विचारतात, हे ४ टक्के दिसतात कुठे? मला त्या टेबलाशी दिसतात. आमच्याकडे मात्र त्याच वर्षी चार नवी माणसं आली, पूर्वी लागतच नव्हती अशी डिक्लेरेशनं भरायला. त्यांचे आणि माझे पगारही देशाच्या उत्पन्नातच मोजले जातात.

शेठ दर दिवाळीला मिठाई पाठवतात. "भाई, तुम्ही धंदा वाचवलात." मी अजूनही अधूनमधून बाँडेड गोदामाचा हिशेब नव्याने मांडतो. सहा पगार धरले की तो बसत नाही.