थंड प्रदेशाची क्रूझ घेताय? आधी जहाजावरची माणसं मोजा

'अंटार्क्टिका, ११ दिवस' असं ब्रोशरवर ठसठशीत छापलेलं असतं. हिशेब असा असतो: पहिल्या दिवशी संध्याकाळी अर्जेंटिनातल्या उशुआइयाहून जहाज सुटतं. पुढचे दोन दिवस ड्रेक पॅसेज, म्हणजे अंटार्क्टिकाच्या वाटेवरचा उघडा समुद्र. परतीचे दोन दिवस पुन्हा ड्रेक. अकराव्या दिवशी सकाळी नाश्ता झाला की बॅगा उचला आणि उतरा. उरले पाच. त्यातला एखादा वाऱ्याने खाल्ला तर चार. सफर १० दिवसांची असेल तर मुळातच चार. ही वजाबाकी एजंट करून दाखवत नाही.

पण माझा खरा राग दिवसांवर नाही, माणसांच्या आकड्यावर आहे. आमच्या एजंटने छातीठोकपणे सांगितलं होतं, "जहाज ५०० च्या आतलं आहे, त्यामुळे रोज दोनदा किनाऱ्यावर उतरायला मिळेल." ५०० चा नियम खरा आहे. पर्यटक जहाजवाल्यांची आयाटो नावाची संघटना १९९१ पासून आहे आणि तिच्या नियमानुसार ५०० पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजातून कोणालाच किनाऱ्यावर उतरता येत नाही. पण त्याच नियमांत पुढे असंही आहे की एका ठिकाणी एका वेळी फक्त १०० प्रवासी किनाऱ्यावर असू शकतात, आणि तिथे एका वेळी एकच जहाज. हे दुसरं वाक्य एजंटच्या तोंडून आलंच नाही.

आमच्या जहाजावर चारशेच्या आसपास माणसं होती. म्हणजे चार गट. सकाळचं सत्र साधारण चार तासांचं, त्यात प्रत्येक गटाच्या वाट्याला तासभर किनारा. बाकीचा वेळ काय करायचं? आतून लोकर, त्यावर फ्लीस, वरून पार्का, गळ्यात लाइफ जॅकेट अडकवून, गरम केलेल्या लाउंजमध्ये घामाघूम होत स्पीकरवर आपल्या गटाचं नाव पुकारण्याची वाट बघायची. जॅकेट काढलं की नाव पुकारतात, हा अलिखित नियम.

निको हार्बरला हेच अंगाशी आलं. अंटार्क्टिक द्वीपकल्पावरच्या उतरण्याच्या बऱ्याचशा जागा खरं तर बेटांवर आहेत: हाफ मून, कव्हरव्हिल, पीटरमन, डिसेप्शन. प्रत्यक्ष खंडाच्या भूमीवर पाय टेकवायच्या जागा थोड्या, आणि निको त्यातली एक. आमचा गट शेवटचा. तिसरा गट किनाऱ्यावर असताना हिमनदीवरून वारा सुटला, पाण्यावर पांढरे फेस दिसायला लागले आणि कॅप्टनने सगळ्यांना परत बोलावलं. आम्ही बूट घालून, दाराशी रांगेत. कॅप्टनचं काही चुकलं नाही, त्या वाऱ्यात रबरी बोटीत बसायला मीही तयार झालो नसतो. पण जहाजावर दोनशेच माणसं असती तर तोवर सगळ्यांचं उतरून झालं असतं. दुसऱ्या दिवशी पॅरडाइज हार्बरला ऊन होतं, पाणी आरशासारखं, खंडावर निवांत उतरलो. त्याबद्दल लिहिण्यासारखं विशेष नाही, फोटो तुम्ही पाहिलेच असतील.

तर माझा निकाल: अंटार्क्टिकासाठी २०० पेक्षा जास्त प्रवाशांचं जहाज घेऊ नका. २०० च्या आत असलं की निम्मे लोक किनाऱ्यावर, निम्मे झोडियाकमध्ये, म्हणजे त्या रबरी बोटींत, हिमनगांभोवती फेरीला, मग अदलाबदल. कोणी लाउंजमध्ये घाम गाळत बसत नाही. शंभराच्या आतलं जहाज किनाऱ्यावर आणखी चांगलं, पण लहान जहाज उघड्या समुद्रात जास्त हलतं, तेव्हा ज्यांना बोट लागते त्यांनी १०० ते २०० च्या मधलं बघावं. ५०० च्या वरची तरंगती हॉटेलं फक्त त्यांच्यासाठी, ज्यांना गुडघ्यांमुळे झोडियाकमध्ये चढउतार जमणारच नाही आणि काचेतून बर्फ बघूनही समाधान आहे. त्यात कमीपणा काही नाही, फक्त पैसे देताना हे माहीत असावं.

आता ड्रेक. दक्षिण अमेरिकेचं टोक आणि साउथ शेटलंड बेटं यांच्यात साधारण ८०० किलोमीटर उघडं पाणी. या अक्षांशांवर पृथ्वीभोवती वाऱ्याला अडवायला जमीनच नाही, त्यामुळे पश्चिमेकडून येणारा वारा आणि लाटा पूर्ण जोरात या फटीत घुसतात. जाताना आम्हाला 'ड्रेक लेक' मिळाला. मंद हेलकावे, मागे उडणारे अल्बाट्रॉस, जेवणाच्या टेबलावर विनोद. गोळ्या घेणाऱ्यांची चेष्टा झाली. परतताना चेष्टा करणाऱ्यांचे चेहरे बघण्यासारखे होते.

परतीच्या आदल्या संध्याकाळी सूचना आली: कॅमेरे, लॅपटॉप, बाटल्या जमिनीवर ठेवा, ड्रॉवर बंद आहेत ना ते बघा. खालच्या डेकवर गोल खिडक्यांवर आतून लोखंडी झाकणं बसवली गेली. जेवणघरातल्या खुर्च्या साखळीने जमिनीला बांधलेल्या का असतात, हे जाताना कळलं नव्हतं, ते आता कळलं. टेबलावरच्या चादरी मुद्दाम ओल्या करून अंथरल्या होत्या, ताटं घसरू नयेत म्हणून. कॉरिडॉरभर कठड्यांमध्ये कागदी पिशव्या खोचून ठेवल्या होत्या आणि सकाळपर्यंत त्यातल्या निम्म्या गायब झाल्या होत्या.

रात्रभर पलंगावर सुपात पाखडल्यासारखे इकडून तिकडे. माझ्या केबिनमधला एक ड्रॉवर नीट अडकत नव्हता. जहाज उजवीकडे कललं की तो उघडायचा, डावीकडे कललं की धाडकन बंद. शेवटी पार्काची बाही त्यात कोंबली तेव्हा थांबला. सकाळी ब्रिजवरून सांगितलं की लाटा ७-८ मीटरच्या आहेत आणि दुपारनंतर वाढतील. वाढल्या. सूप देणं बंद झालं. जेवायला गेलो तेव्हा चारशेतले पन्नास-साठ लोक असतील. एका बाईंनी तोल सांभाळायला दाराची चौकट धरली आणि दार बोटांवर आपटलं, डॉक्टरकडे रांग होतीच, त्यात त्या. जहाजावरचे लोक पहिल्याच दिवशी सांगतात की चौकटीत बोटं घालू नका आणि एक हात कायम जहाजासाठी ठेवा, म्हणजे कशाला ना कशाला धरलेला. हे ऐका. सगळ्या सूचनांत ही एकच सूचना मी दोनदा लिहीन: चौकट धरू नका, कठडा धरा.

औषधाबद्दल. बोट लागायला लागल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही, हेलकावे सुरू होण्याआधी घ्यावी लागते. कानामागे लावायचा स्कोपोलमिनचा पॅच निदान चार तास आधी लावायचा, तो तीन दिवस चालतो, पण तोंड कोरडं पडतं, दृष्टी धूसर होते, आणि पॅच हाताळून तोच हात डोळ्याला लावला तर बाहुली मोठी होऊन बसते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावायचा नाही. मेक्लिझिनने झोप येते, ड्रेकमध्ये तो दोष नाही. उलट्या थांबतच नसतील तर जहाजाचा डॉक्टर इंजेक्शन देतो, लाजू नका.

आणि केबिन! जहाजाच्या मधोमध, खालच्या बाजूची घ्या. वरच्या डेकवरची बाल्कनीवाली केबिन सगळ्यात महाग आणि सगळ्यात जास्त झुलणारी. ड्रेकमध्ये बाल्कनीचं दार उघडताही येत नाही, आणि द्वीपकल्पाजवळ तुम्ही दिवसभर बाहेरच असता. बाल्कनी म्हणजे शुद्ध उधळपट्टी.

ड्रेक टाळायचा असेल तर चिलीतल्या पुंता अरेनासहून किंग जॉर्ज बेटावर साधारण दोन तासांचं विमान जातं, तिथून जहाज. किंमत चढी आणि ढग खाली आले की विमान उडत नाही, म्हणून पुढेमागे मोकळे दिवस ठेवावे लागतात. ज्यांना खरंच बोट लागते त्यांनी डोळे मिटून हाच पर्याय घ्यावा. परतीच्या त्या रात्री मी स्वतः दुप्पट पैसे मोजले असते.

'सर्व समाविष्ट' या शब्दांवर विश्वास ठेवू नका. आमच्याकडे पार्का मिळाला, बूट वापरायला मिळाले. वॉटरप्रूफ पँट मात्र स्वतःची, आणि तीच सगळ्यात गरजेची, कारण झोडियाकमधून बहुतेक वेळा घोटा-गुडघाभर पाण्यात उतरायचं असतं. ती जहाजावरच्या दुकानात घेणाऱ्यांचे खिसे चांगलेच कापले गेले. टिप रोजच्या रोज खात्यावर चढते. इंटरनेट वेगळं, धुलाई वेगळी. कयाकच्या, म्हणजे वल्हवायच्या छोट्या होडीच्या, जागा मोजक्या, महिनोन्‌महिने आधी भराव्या लागतात. वारा आला आणि फेरी रद्द झाली तर पैसे परत मिळणार का, हे बुकिंग करतानाच विचारा. एकट्या माणसाकडून केबिनचे दीडपट ते दुप्पट घेतात, खोली वाटून घ्यायची तयारी दाखवली तर काही कंपन्या जोडीदार शोधून देतात.

गाठोडंभर जाड स्वेटर नेऊ नका. उन्हाळ्यात द्वीपकल्पावर तापमान शून्याच्या अलीकडे-पलीकडेच असतं. त्रास देतात ते वारा आणि ओल. पातळ थर, वरून पाणी न शिरणारं एक कवच आणि हातमोज्यांचे दोन जोड पुरे. कॅमेऱ्याची जादा बॅटरी अंगाजवळच्या खिशात ठेवा, थंडीत ती भराभर उतरते. बॅगेचे कप्पे आणि वेल्क्रो जहाजात बसण्याआधी घरीच साफ करा, जहाजावर व्हॅक्यूम घेऊन बसवतात आणि वेल्क्रोतलं एकेक बी चिमट्याने काढायला लावतात. पेंग्विनपासून ५ मीटर दूर राहायचं, आणि बर्ड फ्लूनंतर जमिनीवर बसायला, गुडघा टेकायला, बॅग खाली ठेवायलाही मनाई आहे. तासभर उभं राहण्याची पाठीची तयारी ठेवा.

महिना कोणता, यावर लोक उगाच काथ्याकूट करतात. नोव्हेंबरात बर्फ कोरा असतो, डिसेंबरअखेर ते जानेवारीत पिल्लं, फेब्रुवारी-मार्चमध्ये व्हेल जास्त पण किनारे चिखल आणि विष्ठेने गुलाबी, वासासकट.

अंटार्क्टिकाच कशाला, असं वाटत असेल तर तेही रास्त आहे. अलास्काचा इनसाइड पॅसेज बेटांच्या आडोशातून जातो, पोटाला त्रास कमी, आणि मोठ्या जहाजावरही चालतं. फक्त कार्यक्रमात ग्लेशियर बे हे नाव स्पष्ट लिहिलेलं आहे का बघा, तिथे दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश असतो. नुसतं 'हिमनदी दर्शन' लिहिलं असेल तर ते कुठेही असू शकतं. सिअॅटलहून सुटणारी जहाजं परतताना कॅनडातल्या व्हिक्टोरियाला बऱ्याचदा रात्रीचे चार तास का थांबतात, याचं उत्तर १८८६ च्या एका अमेरिकन कायद्यात आहे: परदेशी झेंड्याच्या जहाजाला वाटेत परदेशी बंदर घ्यावंच लागतं. त्या चार तासांसाठी कॅनडाचा व्हिसाही लागू शकतो, अमेरिकेचा वेगळा.

नॉर्वेतली किनारी जहाजसेवा १८९३ पासून चालू आहे. आज ही जहाजं बर्गन ते किर्केनेस ३४ बंदरं घेतात, काही तर मध्यरात्री पंधरा मिनिटांसाठी. उत्तरेचा प्रकाश (ऑरोरा) हवा असेल तर हिवाळ्यात जा. जूनमध्ये तिथे नीट अंधारच पडत नाही, दिसणार काय?

नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांच्या जाहिरातीत ध्रुवीय अस्वल शेजारी उभं असल्यासारखं दाखवतात. १ जानेवारी २०२५ पासून अस्वलापासून किमान ३०० मीटर, आणि १ मार्च ते ३० जून ५०० मीटर अंतर सक्तीचं आहे. संरक्षित क्षेत्रात २०० पेक्षा जास्त प्रवाशांची जहाजं चालत नाहीत, हे मात्र उत्तम. चांगली दुर्बीण नाही तर जाऊ नका. स्वालबार्ड युरोपच्या सामाईक व्हिसाच्या शेंगेन क्षेत्राबाहेर आहे, म्हणून ऑस्लोमार्गे जाणाऱ्यांना व्हिसा दोन प्रवेशांचा लागतो. एकाच प्रवेशाचा असेल तर परत येताना अडकाल.

एजंटला तीनच गोष्टी लेखी मागा: जास्तीत जास्त प्रवासी किती, किनाऱ्यावर उतरायला गट किती पाडणार, आणि प्रत्यक्ष उतरण्याचे दिवस किती. विम्यात आजारी माणसाला तिथून हलवून दवाखान्यात नेण्याचा खर्च असलाच पाहिजे, बऱ्याच कंपन्या त्याशिवाय चढूच देत नाहीत. परतीचं विमान त्याच दिवशीचं काढू नका. आमचं जहाज वाऱ्यामुळे धक्क्याला उशिरा लागलं आणि दुपारच्या विमानाची तिकिटं काढलेले सगळे उशुआइयाच्या धक्क्यावर बॅगांवर बसून फोन लावत होते.