अंगठीची चौकट

झोप येत नाहीये म्हणून लिहायला बसले. कारण सांगितलं तर कुणीही हसेल. कॉमिकमधली एक चौकट सापडत नाहीये.

इंद्रजाल कॉमिक्सचा तो जुना अंक परवा एकदाचा हाती आला. मराठी, वेताळाचा (म्हणजे इंग्रजीतला फँटम, जंगलातला तो मुखवटेवाला नायक), मुखपृष्ठासकट. मधल्या पिना गंजून त्यांचा तांबूस डाग दोन्हीकडच्या पानांवर उतरलाय. कागद इतका पिवळा नि ठिसूळ, की पान उलटताना कोपरा बोटांत येतो. (लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद, लाकडातलं लिग्निन नावाचं द्रव्य तसंच राहिलेलं. उजेड लागला की पिवळा पडणारच.) छपाईत रंगाचा ठसा केसभर सरकलाय, त्यामुळे वेताळाच्या चड्डीचे पट्टे रेषेबाहेर सांडलेत. हे पट्टे मला जसेच्या तसे आठवत होते. म्हणूनच तर चौकटीचीही खात्री होती.

चौकट अशी. रात्र, कवटीची गुहा, वेताळ एकटा. उजव्या हातातली अंगठी काढायला बघतोय आणि ती निघत नाहीये. बोट सुजलंय. साबण लावून झाला, पिळून झालं. लांडगा शेजारी बसून बघतोय. ज्या अंगठीचा ठसा गुंडांच्या जबड्यावर जन्मभर राहतो, ती ह्याच्याच बोटात अडकलीये.

किती जणांना ऐकवलीये मी ही चौकट! कॉमिक म्हणजे पोरखेळ असं कुणी म्हणालं की हीच काढायची. मुखवट्याआडचा चेहरा वाचकाला कधी दाखवत नाहीत, पण सुजलेलं बोट दाखवतात, बघा, असं म्हणायचं आणि समोरच्याला गप्प करायचं.

अंक तीनदा वाचला. नाहीये.

मग स्वतःचीच समजूत काढली. इंद्रजालवाले मूळ कथा कापायचेच. वेताळाचा जनक ली फॉक, त्याची ती रोज वर्तमानपत्रात येणारी चित्रपट्टी, १९३६ सालापासूनची. अंकाच्या ठरलेल्या पानांत बसवायची म्हणजे चौकटी गाळणं आलंच. तेव्हा मूळ इंग्रजी पट्ट्या मिळवल्या आणि काल रात्री दोन वाजेपर्यंत एकेक तपासली. तिथेही नाही. आणि दोन वाजता डोक्यात प्रकाश पडला, की बाई, तू लहानपणी पाहिलंस ते इंद्रजालमध्येच. मुळात सापडून तरी काय उपयोग होता?

पाहिलंस. हाच शब्द टोचतोय. मला तेव्हा वाचता कुठे येत होतं? वाचायचा दादा. मी चित्रं बघायची, तो फुग्यातलं वाचून दाखवायचा.

म्हणजे दादाने ठोकून दिलं होतं. साबण, सूज, लांडगा, सगळं.

एवढ्याशा गोष्टीचं इतकं वाईट का वाटावं? पण वाटतंय. आपल्या आवडीतली सगळ्यात आपली म्हणून जपलेली गोष्ट निघाली थाप. जिच्यावरून लोकांशी भांडले, ती छापलेलीच नव्हती. दुसऱ्यांदा फसवल्यासारखं वाटतंय. (पहिल्यांदाचं इथे नको.)

आणि थांबलंय कुठे? पुढे मी वाचायला लागल्यावर त्याने हेरकथा दिल्या. मुखपृष्ठावर पिस्तूल घेतलेली बाई, जी आत दीडशे पानं शोधूनही भेटायची नाही. त्या पुस्तकांचा डिंक सुकायचा आणि शेवटचा अख्खा फर्मा गळून पडायचा. सोळा पानं गायब, ती नेमकी उलगड्याची. शेवट मग दादा सांगायचा. प्रत्येक वेळी फितूर कोण निघायचा? खात्याचा सगळ्यात वरचा साहेब. बर्लिन असो नाहीतर हाँगकाँग, साहेबच फितूर. तेव्हा मला वाटायचं, वा, काय धक्का आहे! आता मोजते तर असे सात-आठ धक्के भरतात, सगळे एकाच साच्यातले. सहाव्या साहेबालाही मी आ वासला असेन.

इथे मात्र मला हसू यायला लागलं, रात्रीच्या ह्या वेळी, एकटीला.

कारण ह्या प्रांतात सरळ माणूस आहे कोण? ई. हॉवर्ड हंट नावाचा गृहस्थ सीआयएत खरोखरचा हेर होता, टोपणनावांनी ढीगभर हेरकथा लिहायचा आणि शेवटी वॉटरगेट प्रकरणात तुरुंगात गेला. वेताळाचं तर विचारूच नका. फॉकच्या मनात त्याचा पोशाख करडा होता म्हणे. १९३९ साली रविवारची रंगीत पुरवणी निघाली, तर तो छापून आला जांभळा. इटलीत लाल, स्वीडनमध्ये निळा. वेताळाच्या देशाचं मुळातलं नाव 'बेंगाली' आपल्याकडे वाचणाऱ्यांना खटकेल म्हणून इंद्रजालने त्याचं डेंकाली केलं, 'सिंग' चाच्यांना 'सिंगा' करून टाकलं. म्हणजे ली फॉकपासून माझ्यापर्यंत पोचेस्तोवर रंगवाला, कापणारा, नावं बदलणारा, भाषांतर करणारा, सगळ्यांनी हात मारून घेतला होता. दादा रांगेत शेवटचा. त्याने फक्त साबण घातला.

आणि खरं सांगायचं तर अंकातलं त्या पानावरचं मूळ वाक्य अगदीच पाणचट आहे. दादाचं चांगलं होतं.

त्याला फोटो पाठवावा असं मनात आलं. लिहिलंही, "अंगठी निघाली का रे शेवटी?" मग खोडलं. गेल्या दिवाळीनंतर असं एकदम काही पाठवणं... बघू. आणि त्याला आठवत नसलं तर? 'कुठली अंगठी' म्हणाला तर? त्यापेक्षा हे बरं.

एक मात्र लिहून ठेवते. आत्ता अंक पुन्हा उघडला. गुहेतली चौकट आहे, ती मी खोटी म्हणत नाही. वेताळ दगडी आसनावर बसलाय, समोर पूर्वजांची जाडजूड वही. वर लिहिलंय, तो आजची हकीकत नोंदवतोय. पण भिंग लावून बघितलं. डावा हात उजव्या हातावर आहे, बोटांवर घट्ट. आणि लेखणी कुठेच नाही.

साबणही नाही म्हणा.