बंदरावरची जकात ज्याच्या हाती

अमेरिकेने कॅरिबियन आणि मध्य अमेरिकेतल्या छोट्या देशांत पुन्हा पुन्हा सैन्य का उतरवलं, हा विषय निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो, बँका आणि फळांच्या कंपन्यांसाठी. दुसरा म्हणतो, पनामा कालवा राखायला आणि युरोपची आरमारं लांब ठेवायला. पुरावे दोघांकडेही आहेत. पण हेतू ओळखायचा असेल तर राष्ट्राध्यक्षांच्या भाषणांवर वेळ घालवू नये. करार काढून बसावं आणि त्यातली कस्टमची कलमं सगळ्यात आधी वाचावीत.

कस्टमच का? 1900 च्या सुमाराला डोमिनिकन रिपब्लिक, हैती, निकाराग्वा या देशांत आयकर नव्हता आणि जमिनीवरचा कर नीट वसूल करणारी यंत्रणाही नव्हती. सरकारचं बहुतेक उत्पन्न बंदरावर गोळा व्हायचं. आत येणाऱ्या मालावर जकात, बाहेर जाणाऱ्या कॉफी-कोकोवर जकात. त्यामुळे बंड करणाऱ्याची नजर आधी बंदरावर असायची. कस्टम हाउस ताब्यात आलं की सैनिकांचा पगार सुटला. आणि युरोपातले सावकार कर्ज देताना तारण म्हणून लिहून घ्यायचे तेही हेच उत्पन्न.

डिसेंबर 1902 मध्ये जर्मनी, ब्रिटन आणि इटलीने थकलेल्या कर्जासाठी व्हेनेझुएलाची बंदरं अडवली. प्रकरण हेगच्या लवादाकडे गेलं. फेब्रुवारी 1904 मध्ये लवादाने निकाल दिला की ज्यांनी नाकेबंदी केली त्या तिघांचं देणं आधी फेडायचं, बाकीच्यांचं नंतर. म्हणजे तोफा घेऊन येणाऱ्याला पहिला हप्ता. वॉशिंग्टनमध्ये या निकालाचा अर्थ लगेच उमगला. डोमिनिकन रिपब्लिकच्या डोक्यावर तेव्हा सुमारे 3 कोटी 20 लाख डॉलरचं कर्ज होतं, त्यात युरोपचे सावकार होते, आणि पनामात कालव्याचं काम अमेरिकेने नुकतंच हाती घेतलं होतं. त्याच वर्षी डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने जाहीर केलं की या गोलार्धात पोलिसगिरी करायची वेळ आलीच तर ती अमेरिका करेल. राष्ट्राध्यक्ष मन्रोने 1823 मध्ये युरोपला 'इथे येऊ नका' एवढंच बजावलं होतं. रूझवेल्टने त्यात 'आम्ही मात्र येऊ' हे जोडलं.

इथपर्यंत संरक्षणाचा हेतू खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पुढचं मात्र बारकाईने पाहायला हवं.

1905 मध्ये डोमिनिकन कस्टमवर अमेरिकी वसुली अधिकारी बसला. जमेतले 45 टक्के डोमिनिकन सरकारला, उरलेले वसुलीच्या खर्चाला आणि सावकारांना. 1907 च्या करारात हे पक्कं झालं. जुने दावे बरेच कापून 2 कोटी डॉलरचं नवं कर्ज उभं केलं, रोखे न्यूयॉर्कमार्फत. वसुली खात्याचा खर्च जमेच्या 5 टक्क्यांपर्यंत. दर महिन्याच्या 1 तारखेला 1 लाख डॉलर कर्जखाती. वर्षाची जमा 30 लाखांवर गेली तर वरच्या रकमेतली निम्मी कर्ज लवकर फेडायला. आणि कलम 3 असं की कर्ज पूर्ण फिटेपर्यंत अमेरिकेच्या संमतीशिवाय नवं कर्ज काढायचं नाही, आयात जकातीचे दरही बदलायचे नाहीत.

सुरुवातीला हे चाललं. चोरी घटली, जमा वाढली. पण कलम 3 वाचताना अडचण लगेच लक्षात येते. देशाच्या उत्पन्नाचा जवळजवळ एकच मोठा झरा, तो दुसऱ्याच्या ताब्यात. दर वाढवता येत नाहीत, उसने घेता येत नाहीत. मग पूर, दुष्काळ, बंड यांतलं काहीही आलं की सरकार करार तरी मोडणार किंवा पडणार. 1911 मध्ये अध्यक्ष रामोन कासेरेस यांचा खून झाला, यादवी सुरू झाली, खर्च वाढला आणि देणी साचत गेली.

मे 1916 मध्ये अमेरिकेचे मरीन सैनिक उतरले. अमेरिकेच्या मागण्या दोन होत्या: सरकारी खर्चावर अमेरिकी सल्लागाराचं नियंत्रण, आणि अमेरिकी अधिकाऱ्यांच्या हाताखालचं नवं सशस्त्र दल. हंगामी अध्यक्ष फ्रान्सिस्को एन्रिकेस इ कार्वाहाल यांनी नकार दिला. ऑगस्टमध्ये वसुली खात्याने सरकारचा वाटा देणंच थांबवलं. कारकून, शिक्षक, शिपाई सगळ्यांचे पगार अडले. तरीही ते बधले नाहीत. 29 नोव्हेंबरला अमेरिकी नौदलाच्या कॅप्टन नॅपने लष्करी अंमल जाहीर केला आणि कारण दिलं कलम 3 च्या भंगाचं, परवानगीशिवाय कर्ज वाढवल्याचं. ज्या अटीमुळे देश अडचणीत आला, तीच अट देश ताब्यात घ्यायला कारण ठरली. मला या सगळ्या इतिहासात हे सगळ्यात संतापजनक वाटतं.

निकाराग्वात तर अमेरिकेच्या सिनेटने कर्जाचा करार मंजूरच केला नाही. तरी डिसेंबर 1911 मध्ये अमेरिकी वसुली अधिकारी क्लिफर्ड हॅम कस्टमवर बसला, कारण न्यूयॉर्कच्या ब्राउन ब्रदर्स आणि सेलिगमन या पेढ्यांनी सरकारशी थेट करार केला होता. निकाराग्वाची राष्ट्रीय बँक नोंदवली गेली कनेक्टिकट राज्यात, आणि तिचे 51 टक्के भाग या पेढ्यांकडे. पुढे 1914 च्या करारात अमेरिकेने निकाराग्वातून कालवा काढण्याच्या हक्कासाठी 30 लाख डॉलर मोजले. अमेरिकेला तिथे कालवा खोदायचा नव्हता, दुसऱ्या कोणी खोदू नये एवढंच हवं होतं. पैसा मुख्यतः कर्जफेडीतच गेला. कोस्टा रिका आणि एल साल्वादोर यांनी मध्य अमेरिकी न्यायालयात दाद मागितली, निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण निकाराग्वा आणि अमेरिका दोघांनीही तो धुडकावला. ते न्यायालय 1907 मध्ये अमेरिकेच्याच पुढाकाराने उभं राहिलं होतं. 1918 मध्ये ते बंद पडलं.

तेव्हा माझं म्हणणं असं: कोणत्या देशात आणि केव्हा शिरायचं, हे बहुतेक वेळा युरोपच्या, विशेषतः जर्मनीच्या, आरमाराच्या भीतीने ठरलं. शिरल्यावर काय करायचं, हे बँकांनी ठरवलं. हे तपासायला एक सोपी कसोटी आहे. जर्मनी हेच कारण असेल, तर 1918 मध्ये जर्मन आरमार शरण गेल्यावर मुक्काम हलायला हवा होता. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये मरीन सैनिक 1924 पर्यंत राहिले.

हैतीत त्याहून जास्त. 17 डिसेंबर 1914 ला मरीन सैनिकांनी हैतीच्या राष्ट्रीय बँकेतलं 5 लाख डॉलरचं सोनं उचलून युद्धनौकेने न्यूयॉर्कला नेलं, देशाचा ताबा घेण्याच्या सात महिने आधी. जुलै 1915 मध्ये ताबा घेतला. 1918 ची राज्यघटना त्यांच्याच देखरेखीखाली झाली आणि परकीयांना जमीन घ्यायची मुभा मिळाली. गुलामांनी लढून मिळवलेल्या या देशात ती स्वातंत्र्यापासून नाकारलेली होती. रस्त्यांसाठी शेतकऱ्यांना वेठीला धरलं, त्यातून बंड पेटलं. कर्जाचं गणित याचं उत्तर देत नाही; काळ्या माणसाबद्दलचा तुच्छभाव देतो.

1922 मध्ये न्यूयॉर्कहून नवं कर्ज घ्यायला लावलं, रोख्यांची मुदत 30 वर्षं. मरीन सैनिक ऑगस्ट 1934 मध्ये परत गेले. हैतीच्या जमाखर्चावरचं अमेरिकी नियंत्रण 1947 पर्यंत उठलं नाही.